विरोधकाच्या नावाची मंडई

पुण्याच्या मंडईला ज्यांचं नाव आहे, त्या महात्मा जोतीराव फुल्यांनी ही मंडई बांधायलाच विरोध केला होता. पुण्यात ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते, आणि सांगताना सांगणारा गालातल्या गालात हसतो. बघा, कशी जिरवली इतिहासाने! पण कुणाची जिरवली, विरोध करणाऱ्याची की नाव देणाऱ्यांची, हे विचारलं की सांगणारा जरा घोटाळतो. मीही बरीच वर्षं ही गोष्ट गंमत म्हणूनच सांगत होते. हल्ली ती नुसती गंमत म्हणून सोडवत नाही.

आधी बाजार होता, मंडई नव्हती. भाजीचा बाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा. पेशवाई संपली, वाडा जळाला, त्याच्या तटासमोरची मोकळी जागा माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या, पाट्यांनी भरून जाऊ लागली. ऊन, पाऊस, धूळ, चिखल, जनावरं, सगळं एकत्र. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोऱ्या साहेबांच्या आणि त्यांच्या तालमीत तयार झालेल्या आपल्या नगरशेटींच्या डोळ्यांत हे खुपू लागलं. शहर म्हटलं की त्याला बंदिस्त, छताखालचा, साफसूफ करता येईल असा बाजार हवा, हे तेव्हाचं नवं शहाणपण होतं. त्यात रोगराईची भीती होती, तशी भाडं आणि कर गोळा करायची सोयही होती. उघड्यावर बसलेल्याकडून पैसे वसूल करण्यापेक्षा गाळ्यात बसलेल्याकडून करणं केव्हाही सोपं.

मुंबईने हे आधीच करून दाखवलं होतं. १८६९ पर्यंत तिथे विल्यम इमर्सनने आराखडा काढलेलं क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलं. रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांनी, लॉकवुड किपलिंगने, त्यावर शेतकऱ्यांची शिल्पं घडवली. बाजार ज्यांच्या घामावर चालणार, ते निदान दगडात तरी दर्शनी भागात आले. ज्यांच्या नावाचं हे मार्केट, ते आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. माणूस धडाडीचा, पण हात फार सैल. १८७१ मध्ये मुंबईच्या करदात्यांनी पालिकेच्या उधळपट्टीविरुद्ध ओरड केली, क्रॉफर्ड गेले, आणि त्या गदारोळातून १८७२ चा कायदा आला. कर भरणाऱ्यांना पालिकेत आपले प्रतिनिधी निवडून द्यायचा हक्क त्याने मिळाला. हेच क्रॉफर्डसाहेब पुढे मध्य विभागाचे कमिशनर म्हणून पुण्यात बसले आणि मामलेदारांकडून लाच घेतल्याच्या आरोपावरून १८८८ मध्ये गाजले. त्या प्रकरणात सापडलेल्या मामलेदारांची बाजू घेऊन टिळक मैदानात उतरले होते. मंडईच्या इतिहासात ही माणसं अशी एकमेकांच्या पायात पाय घालून हिंडताना दिसतात.

पुण्याच्या मंडईसाठी जागा निघाली शुक्रवार पेठेत. ही पेठ वसवणाऱ्या खासगीवाल्यांच्या बागेची ती जमीन. आराखडा कर्नल वॉल्टर ड्यूकाट यांचा, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांचं. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून चहूबाजूंना फाकलेले, दगडी कमानींवर पेललेले लांबच लांब दालनांचे हात. वरून पाहिलं तर कोळ्याने जाळं विणायला घेऊन आठ धाग्यांवरच सोडून दिल्यासारखं दिसतं. १८८६ मध्ये उद्घाटन झालं आणि तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून नाव पडलं रे मार्केट. पुणेकर मंडईच म्हणत राहिले.

आता विरोधाकडे येऊ.

जोतीराव १८७६ पासून काही वर्षं नगरपालिकेत सरकारनियुक्त सदस्य होते. नियुक्त सदस्याने हात वर करायचा, मान डोलवायची आणि फोटोला उभं राहायचं, असा रिवाज. जोतीरावांना तो जमला नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागताला हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा बत्तीस नियुक्त सदस्यांपैकी एकट्याने त्याला विरोध केला. हे पैसे गोरगरिबांच्या शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं. मार्केटच्या इमारतीवर लाखांच्या घरात खर्च करायची वेळ आली तेव्हाही मुद्दा तोच होता. शहरात शाळा नाहीत आणि तुम्ही भाजीला राजवाडा बांधता?

हा माणूस भाजीच्या धंद्याला नाक मुरडणारा असता तर गोष्ट वेगळी. पण जोतीरावांचं घरच फुलं-भाजीपाल्यावर चाललेलं. वडिलांनी मुलाला शाळेतून काढून काही काळ शेतात राबायला घातलं होतं. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, मांजरीला त्यांची शेती होती. मजूर किती लागतात, चुना किती लागतो, ठेक्यात पैसा कुठे मुरतो, हे नगरपालिकेतल्या कुठल्याही वकिलापेक्षा त्यांना जास्त कळत असणार. त्यामुळे त्यांचा विरोध हा बाजार न समजणाऱ्याचा नव्हता. बाजार फार जवळून पाहिलेल्या माणसाचा तो विरोध होता.

१८८३ च्या सुमाराला ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्यांनी शहराच्या वेशीवरचा शेतकरी उभा केला. गाडीभर माळवं घेऊन तो येतो. माल विकण्याआधीच म्युनिसिपालिटी जकात मागते. मग दलाल, मग भाडं, मग हे आणि मग ते. दिवसाच्या शेवटी त्याच्या हातात जे उरतं ते घरी न्यायलाही लाज वाटावी. हे वाचल्यावर मंडईच्या विरोधाचा अर्थ जरा बदलतो. इमारतीचे पैसे आभाळातून पडणार नव्हते. जकातीतून, करातून, म्हणजे शेवटी त्या गाडीवाल्याच्याच कनवटीतून ते निघणार होते. छप्पर मात्र मिळणार होतं गाळा घेऊ शकणाऱ्याला. (ती जकात पुण्यातून हटायला २०१३ साल उजाडलं. त्यातही शेतकऱ्याच्या कळवळ्यापेक्षा व्यापाऱ्यांची ओरड जास्त कामी आली.)

१८८२ च्या ऑक्टोबरात शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं, त्यातही हाच धागा. सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षण वरच्या जातींना. तेव्हा बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. ही मागणी आणि मंडईला केलेला विरोध मला वेगळे वाटत नाहीत. पैसा कुणाकडून येतो आणि कुणावर खर्च होतो, एवढाच एक हिशेब हा माणूस वेगवेगळ्या सभांमधून मांडत होता.

मंडई बांधून झाली त्यानंतर चार वर्षं ते होते. गंजपेठेतल्या त्यांच्या वाड्यापासून मंडई पायी जाण्याच्या अंतरावर. त्या मनोऱ्याखाली उभे राहून ते काय म्हणाले असतील, याची कल्पना करायचा मोह होतो. पण त्यांच्या तोंडी वाक्यं घालणं मला बरं वाटत नाही. एवढं खरं की १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि त्यांनी राजपुत्राला सांगितलं की या झगमगाटातली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. इमारतीबद्दलही त्यांनी वेगळं काही म्हटलं असतं असं वाटत नाही.

मग त्यांचा विरोध बरोबर होता का? इथे माझी पंचाईत होते.

कारण मी त्या इमारतीत भाजी घेते. मे महिन्यात भर दुपारी बाहेरच्या रस्त्यावरून आत शिरलं की अंगावरचं ऊन उतरतं. दगड जाड, छप्पर उंच, वारा या टोकाकडून त्या टोकाला जातो. बसायचे ओटे उंच आहेत. विकणारी बाई वर, तिच्यापुढे उतरत्या पायऱ्यांनी मांडलेला माल आणि गिऱ्हाईक खाली उभं. मला ही मांडणी फार आवडते. बाजारात एरवी विकणारा जमिनीवर उकिडवा बसतो आणि घेणारा वरून बोट दाखवून भाव करतो. इथे मान वर करून विचारावं लागतं, “मावशी, मेथी कशी?” आणि मावशी आधी माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे बघून भाव सांगते.

एक मावशी लिंबांचा ढीग लावत असते. सगळी लिंबं सारख्या आकाराची नसतात. मोठी खाली, लहान वर आणि ज्याला डाग आहे त्याचा डाग आतल्या बाजूला. शेजारी पाण्याचा डबा. दर थोड्या वेळाने ती हाताची ओंजळ न करता नुसती बोटं बुडवते आणि कोथिंबिरीवर झटकते. पाणी पडतं ते थेंबाथेंबाने, देठात साचत नाही. साचलं तर जुडी आतून काळी पडते. तागडी जाऊन आता इलेक्ट्रॉनिक काटा आला आहे आणि त्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे वळवलेला असतो. वजन झालं, आकडा दिसला, व्यवहार संपला. तरी काट्यावरून भाजी पिशवीत ओतल्यावर ती चार मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी वरून टाकतेच. नाही टाकली तर गिऱ्हाईक जागचं हलत नाही, हेही खरं.

तर या बाईच्या डोक्यावर ते छप्पर आहे, आणि ते तिच्या सासूच्या, आजेसासूच्याही डोक्यावर होतं. गाळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. पावसाळ्यात बाहेर फूटपाथवर बसणाऱ्या बाईची पाटी आणि हिची पाटी शेजारी ठेवून पाहिली की शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या खर्चाला उधळपट्टी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण फूटपाथवरची बाईही आहेच. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की पाटी उचलून पळणारी. छप्पर झालं म्हणून सगळे छपराखाली आले नाहीत. जोतीरावांचा मुद्दा बाहेर फूटपाथवर अजून बसलेला दिसतो.

नावाचा प्रवासही सरळ झाला नाही. १९२४ मध्ये मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला. मोतीलाल नेहरूंच्या हस्ते अनावरण झालं. गव्हर्नराच्या नावाच्या मार्केटात राजद्रोहाखाली शिक्षा भोगलेल्या माणसाचा पुतळा, ही तेव्हाच्या नगरपालिकेची हिंमतच म्हणायची. पण लगेच पुढच्या वर्षी ब्राह्मणेतर चळवळीतल्या केशवराव जेध्यांनी नगरपालिकेत प्रस्ताव मांडला की जोतीराव फुल्यांचाही पुतळा उभारावा, तेव्हा ती हिंमत आटली. प्रस्ताव फेटाळला गेला, आणि ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाने शहर वर्षभर धुमसत राहिलं. पुस्तिका निघाल्या, खटले झाले. आज टिळक पुतळ्याशी उभं राहून रिक्षाची वाट बघताना हे कुणाच्या मनातही येत नाही, आणि यायलाच हवं असाही माझा आग्रह नाही.

मग १९३० च्या दशकाच्या अखेरीला आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचं नाव महात्मा फुले मंडई झालं. पुतळ्याला नकार मिळाल्यावर अख्खी इमारतच जोतीरावांच्या नावावर करून टाकायची, हा अत्र्यांच्या स्वभावाला शोभणारा डाव. पुढे मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही तेच नाव मिळालं. म्हणजे उधळपट्टीवरून गाजलेल्या साहेबाचं नाव पुसून उधळपट्टीला विरोध करणाऱ्याचं नाव आलं. मुंबईकर अजूनही क्रॉफर्डच म्हणतात तो भाग वेगळा.

या नामकरणाबद्दल माझं मत दोन्हीकडे झुकतं. एकीकडे वाटतं, जोतीरावांना शाळेचं नाव द्यायचं सोडून मार्केटचं दिलं, म्हणजे त्यांचं म्हणणं न ऐकताच सत्कार उरकला. दुसरीकडे वाटतं, शाळेला नाव दिलं असतं तर ते पाटीवर राहिलं असतं. मंडईचं नाव रोज कांदे-बटाट्यांबरोबर लोकांच्या तोंडात राहतं. माळव्याच्या धंद्यातल्या घरातला मुलगा, त्याचं नाव माळव्याच्या बाजाराला. यात काहीतरी बसतं, जरी त्यांनी स्वतः ते मागितलं नसतं.

मंडईभोवती बाकी बरंच काही जमत गेलं. नगरपालिकेची कचेरी बराच काळ याच इमारतीत होती, त्यामुळे खाली भोपळ्याचा भाव आणि वर शहराचा कारभार असा थाट. शेजारी आर्यन थिएटर होतं, पुण्यातलं अगदी सुरुवातीचं सिनेमागृह. आता तिथे वाहनतळ आहे आणि त्यालाही आर्यनच म्हणतात. १८९४ पासूनचा अखिल मंडई मंडळाचा झोपाळ्यावरचा शारदा-गजानन आहे. विसर्जनाची मुख्य मिरवणूक टिळक पुतळ्यापासूनच निघते. निवडणुकीच्या सभा, चौकातल्या कट्ट्यावरची खलबतं, आणि त्यात मुरलेल्यांना मिळणारी ‘मंडई विद्यापीठा’ची पदवी. या विद्यापीठाचं कौतुक पुण्यात जरा जास्तच होतं असं माझं मत आहे. तिथे शिकवणारे सगळे पुरुष, आणि ते शिकवत असताना ओट्यावर बसून धंदा करणाऱ्या बहुतेक बायका. त्यांना सभा ऐकू येत असणार. त्यांचं मत कुणी विचारल्याचं निदान मी तरी ऐकलेलं नाही.

जोतीरावांचं म्हणणं ऐकलं गेलं ते त्यांच्या नावाच्या इमारतीत नव्हे, बाजारातल्या पाठींवर. १९५० च्या दशकात नाना पेठेत दवाखाना चालवणाऱ्या तरुण डॉक्टर बाबा आढावांकडे हमाल यायचे. पाठदुखी, मानदुखी, छातीत कळ. औषध देऊन भागणारं ते दुखणं नव्हतं. पोत्याचं वजन आणि हमालीचा दर हेच दुखण्याचं मूळ होतं. त्यातून हमाल पंचायत उभी राहिली आणि लढत लढत १९६९ चा माथाडी कायदा आला. बाजारात ओझं वाहणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच नोंदणी, हक्काची मजुरी, भविष्यनिर्वाह निधी असल्या गोष्टी मिळू लागल्या. याच हमालांनी १९७० च्या दशकात कष्टाची भाकर सुरू केली. भाकरी, झुणका, पोटभर आणि परवडेल असं. सत्यशोधक विचाराचा माणूस बाजारात उभा राहिला तर काय करतो, याचं इतकं रोखठोक उत्तर दुसरं मला सापडलेलं नाही.

घाऊक व्यापार मंडईत फार काळ मावणं शक्यच नव्हतं. शुक्रवार पेठेचे रस्ते बैलगाडीच्या मापाचे, आणि माल येऊ लागला ट्रकने. पुणे बाजार समिती १९५७ मध्ये स्थापन झाली आणि पुढे गुलटेकडीचं मार्केट यार्ड हेच माळव्याचं मोठं ठाणं बनलं. मंडईकडे किरकोळ विक्री उरली. समित्यांची कल्पना मुळात जोतीरावांच्या गाडीवाल्यासाठीच होती. रुमालाखाली बोटं दाबून ठरणारे सौदे बंद व्हावेत, लिलाव उघड व्हावा, माप खरं असावं, पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, लेखी मिळावी. १९६३ च्या कायद्याने हे सगळं राज्यभर एका चौकटीत बसवलं. चौकट चांगली होती. पण यार्डात गाळा मिळवायला लागतं परवान्याचं बळ, आणि ज्याच्याकडे परवाना तोच भाव ठरवणार, हे काही वर्षांतच उघड झालं. अडत म्हणजे दलालाचं कमिशन, हमाली, तोलाई हे सगळं शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा व्हायचं. २०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाला नियमनातून मोकळा केला आणि अडत खरेदीदाराने द्यायची असं ठरलं. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, भाव चढले, मग हळूहळू सगळं रुळावर आलं. कुणाच्या रुळावर, हे विचारायचं नाही.

त्याच सुमाराला शहरात जागोजागी शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. आमच्याकडेही भरतो. कापडी मंडप, घडीची टेबलं, शेतातून थेट आलेला माल. मधे कुणी नाही, म्हणून सगळे खूश. तिथे पुरंदरकडचा एक शेतकरी येतो. पावटा, वाटाणा, अंजिराच्या दिवसांत अंजीर. मी त्याला विचारलं, “दादा, आता अडत्याची कटकट सुटली असेल ना?”

तो हसला. “ताई, टेम्पोभर माल निघतो एका तोडीला. इथं चार क्रेट खपतात. बाकीचा यार्डातच जातो, त्याच माणसाकडं.”

मग पिशवीत पावटा ओतता ओतता त्याने आणखी सांगितलं. पोरीची फी भरायची होती तेव्हा उचल अडत्यानेच दिली, बँकेने नाही. रात्री अकराला गाडी यार्डात पोचली तरी माल उतरवून घेतो, पट्टी बुडवत नाही. भाव पाडतो का? पाडतो. “पण इथं उभं राहिलं की माझा अख्खा दिवस जातो. मी इथं, तर पाणी कोण धरणार?” त्याची बायको तेव्हा मागच्या टेबलावर सुट्टे पैसे मोजत होती. तिने मान वर न करता सांगितलं की पाणी तीच धरते, रात्री, कारण वीज तेव्हाच असते. त्यावर तो काही बोलला नाही. माझ्यामागच्या बाईने अंजिरं कशी विचारली, आणि मी बाजूला झाले.